विमानतळ ते हॉटेल: माणसं २२, बॅगा ३१. तुमचे अनुभव सांगा

कोल्हापूरच्या राजारामपुरीहून, धाग्याची सुरुवात

आमच्या भिशीच्या आम्ही २२ जणी गेल्या वर्षी काशीला जाऊन आलो. पुण्यापर्यंत बस, पुढं विमान. तिकिटं, हॉटेल, दर्शन, सगळ्याची जुळणी दोन महिने आधीपासून चालली होती. बाबतपूरच्या विमानतळावरून गोदौलियाजवळच्या हॉटेलपर्यंतचे पंचवीसेक किलोमीटर तेवढे कुणी मनावर घेतले नाहीत. आणि अख्ख्या सहलीत आमचे हाल झाले ते नेमके तेवढ्यातच.

एक १७ सीटची ट्रॅव्हलर आणि एक सहा माणसांची गाडी सांगून ठेवली होती. जागा २३, आम्ही २२, हिशोब बरोबर वाटला. बॅगा ३१ भरल्या हे पट्ट्यावरून उतरवून घेताना कळलं. प्रत्येकीची एक मोठी, शिवाय लाडू-चिवड्याचे डबे, तिथल्या गुरुजींना द्यायला नेलेले गुळाचे रवे, कुणाची उशीसुद्धा. ट्रॅव्हलरच्या डिकीत निम्म्याही मावल्या नाहीत. उरलेल्या पायाशी, मांडीवर आणि मधल्या वाटेत. ६८ वर्षांच्या काकी तासभर पाय आखडून बसल्या होत्या, दुसऱ्या दिवशी त्यांना घाटाच्या पायऱ्या उतरवेनात.

रात्री दहाला गोदौलियाच्या अलीकडे पोलिसांनी गाड्या थांबवल्या. हॉटेल आत गल्लीत. दगडी फरशी, मध्येच गटाराची फट, ट्रॉलीबॅगेची चाकं त्यात रुतायची. शेवटी एका हातगाडीवाल्याला गाठलं, त्यानं तीन खेपा केल्या. खोल्या मिळाल्यावर मोजलं तर बॅगा ३०. माझ्या नणंदेची निळी बॅग नव्हती, आणि तिच्या बीपीच्या गोळ्या त्यातच. ड्रायव्हरला फोन लावला तेव्हा तो परत बाबतपूरला पोचला होता. शेवटच्या सीटखाली सापडली म्हणाला आणि रात्री दीड वाजता स्वतः घेऊन आला. जास्तीचे पैसे द्यायला गेलो तर हात जोडले त्यानं. त्या माणसाची आठवण आजही निघते आमच्यात.

आता डिसेंबरमध्ये त्याच २२ जणी दिल्लीला निघालोय. दोघींच्या गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली आहेत. ज्यांनी ग्रुप नेलाय किंवा ग्रुपला उतरवून घेतलंय, त्यांनी विमानतळ ते हॉटेल एवढाच तुकडा सविस्तर सांगावा. चुकलं ते आधी सांगा.

मंगळवार पेठेतून

ताई, दिल्लीचंच सांगतो. आमचा मर्दानी खेळाचा आखाडा. एका कार्यक्रमाचं बोलावणं आलं, १६ पोरं आणि वस्ताद. कपड्यांचं सामान किरकोळ, पण तलवारी, दांडपट्टे, भाल्यांची पाती, ढाली, आणि पुरुषभर उंचीच्या लाठ्या. वर हलगी, घुमकं, कैताळ ही वाद्यं.

धारेचं सगळं चेक-इनमध्ये गेलं. पाती तरटात गुंडाळून लाकडी पेटीत घातली होती, पेटीवर यादी चिकटवलेली, सोबत बोलावण्याचं पत्र. काउंटरवर पेटी उघडून दाखवावी लागली, पण यादी आणि पत्रामुळं अडलं नाही. लाठ्या प्लंबिंगच्या मोठ्या पीव्हीसी पाइपात घालून दोन्ही तोंडांना झाकण लावलं. हलगी मात्र वस्तादांनी हातातच ठेवली. वरून कुणाची बॅग आदळली की कातडं फाटतं.

दिल्लीत टर्मिनल तीनला सगळ्यांच्या बॅगा आल्या, पाइप येईना. पाऊण तास आम्ही त्या पट्ट्यापाशी उभे. मग एका लोडरनं सांगितलं की लांब सामान नेहमीच्या पट्ट्यावर येतच नाही, त्याची जागा वेगळी असते. तिथं आमचा पाइप केव्हाचा भिंतीला टेकवून ठेवला होता. आम्हीच विचारलं नव्हतं.

आमचा बेत मेट्रोचा होता. एअरपोर्ट एक्सप्रेस वीसेक मिनिटांत नवी दिल्ली स्टेशनला सोडते आणि हॉटेल पहाडगंजात. पण मेट्रोत शिरताना प्रत्येक बॅग मशीनमधून जाते आणि तिथं शस्त्र चालत नाही. ही गोष्ट १७ जणांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. मग फाटाफूट केली. वस्ताद, मी आणि आणखी एक जण पेटी-पाइप घेऊन गाडी बघायला, बाकी पोरं मेट्रोनं. प्रीपेडच्या गाडीत पाइप मावेना. वर कॅरियर असलेली गाडी मिळेपर्यंत तास गेला. कॅरियरला पाइप बांधायला दोरी कुणाकडंच नव्हती, तेव्हा वस्तादांनी कमरेचा शेला सोडला आणि त्यानं बांधला.

पोरांचंही सोपं नव्हतं. मेट्रोचं स्टेशन अजमेरी गेटच्या बाजूला आहे, पहाडगंज रेल्वे रुळांच्या पलीकडं. म्हणजे बॅगा उचलून अख्खं रेल्वे स्टेशन ओलांडायचं. पोरं तालमीतली म्हणून निभावलं. गुडघ्याची ऑपरेशनं झालेल्या बायकांना त्या वाटेनं अजिबात नेऊ नका.

उचगावहून, ट्रॅव्हलरवाला

माझी स्वतःची ट्रॅव्हलर आहे, उजळाईवाडीला, आपल्या कोल्हापूरच्या विमानतळावर, माझ्या फेऱ्या होतात. ताई, तुमच्याकडं जे झालं ते दर आठवड्याला बघतो. फोनवर सगळे विचारतात, "किती सीटर?" सामान किती म्हणून कुणी विचारत नाही, आणि मी विचारलं तर "नेहमीसारखंच" म्हणतात.

माझ्या १७ सीटरला माणसं पूर्ण भरली तर मागं मोठ्या बॅगा दहा-बारा, त्यावर नाही. इनोव्हात शेवटची सीट उघडी ठेवून माणसं बसवली की मागं दोन मोठ्या बॅगा उभ्या राहतात, संपलं. एर्टिगा आणि डिझायर सीएनजीवर असेल तर डिकीत सिलेंडर असतो. ॲपवरून मागवलेली गाडी बहुतेक सीएनजीच निघते. चार माणसं, चार बॅगा म्हणून डिझायर बोलवायची आणि ती आल्यावर रस्त्यात उभं राहून वाद घालायचा, हे रोजचं आहे.

म्हणून आधी बॅगांचा आकडा सांगा. २२ माणसं ३१ बॅगा म्हणाला असता तर मी एक ट्रॅव्हलर, एक इनोव्हा आणि सामानाला एक छोटा हत्ती, म्हणजे मालाचा छोटा टेम्पो, सांगितला असता. तीन गाड्यांचं भाडं जास्त वाटतं खरं, पण म्हाताऱ्या माणसाच्या मांडीवर बॅग ठेवून तास काढण्यापेक्षा ते बरं. आणि छोटा हत्ती केला तर आपला एक माणूस ड्रायव्हरशेजारी बसवायचाच. सामान एकटं सोडायचं नाही.

कॅरियरवर टाकलं तर ताडपत्री हवीच. जूनमध्ये एका लग्नाचे पाहुणे आले होते, विमानतळावर ऊन होतं. "नऊ किलोमीटरला कशाला ताडपत्री" म्हणून त्यांनीच घाई केली आणि मी ऐकलं. शाहू नाक्याच्या अलीकडं वळीव कोसळला. नवरीच्या आत्याच्या पैठण्या भिजल्या. चूक माझी होती, ऐकायला नको होतं. तेव्हापासून आकाश कसंही असो, मी बांधतो.

महाद्वार रोडवरून

आमच्याकडं उलटा प्रकार. हैदराबादचे व्याही नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला आले, १४ माणसं. देवळाजवळ राहायचं म्हणून हट्टानं जवळचं हॉटेल घेतलं. विमानतळावरून बिंदू चौकापर्यंत गाडी छान आली, पुढं सोडेनात. नवरात्रात काय होतं ते आपल्याला माहीत, त्यांना कुठून माहीत असणार? व्याह्यांच्या आई ८१ वर्षांच्या.

माझ्या भावानं गल्लीतल्या तीन रिक्षा बोलावल्या. दोन फक्त सामानाला, एक आजींना. ओळखीचे रिक्षावाले मामा आतल्या बोळांतून काढत दारात घेऊन गेले. आजींनी उतरल्यावर रिक्षावर रंगवलेल्या अंबाबाईला हात जोडले आणि म्हणाल्या, मला इथंच दर्शन झालं. ज्यांच्याकडं पाहुणे देवळाजवळ उतरणार आहेत त्यांनी रिक्षा आधी ठरवून ठेवाव्यात. गाडी थांबल्यावर शोधू नयेत.

कागलहून

एकच सांगते. गोव्याला आता दोन विमानतळ आहेत. माझे दीर-जाऊ दुबईहून मुलांसह आले, सात माणसं, १३ बॅगा. कोल्हापुरातल्या हॉटेलवर लग्नाच्या खोल्या घेतल्या होत्या. आम्ही गाडी पाठवली ती दाबोळीला, ते उतरले मोपाला. एक गोव्याच्या दक्षिणेला, एक पार उत्तरेला पेडण्यात. मोपाचा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, आमच्या डोक्यात मात्र गोवा म्हणजे दाबोळीच. गाडी तिकडून इकडं येईपर्यंत लहान मुलं बॅगांच्या ढिगावर झोपली. मग आंबोली, आजरा करत पहाटे पोचले. तिकिटावर जीओएक्स असेल तर मोपा, जीओआय असेल तर दाबोळी. ड्रायव्हरला तिकिटाचा फोटोच पाठवा.

शाहूपुरीतून

बेंगळुरूला आम्ही नऊ जण परीक्षेला गेलो होतो. विमानतळ देवनहळ्ळीला, शहरापासून फार लांब. वायुवज्रच्या बसनं मॅजेस्टिकला उतरलो, सामानाला रॅक असतात, काही त्रास नाही. प्रत्येकाकडं एकच बॅग होती म्हणून जमलं, हेही सांगायला हवं.

साने गुरुजी वसाहतीतून

आम्ही दरवर्षी तिरुपतीला माणसं घेऊन जातो. पूर्वी रेल्वेनं जायचो, मे २०१९ मध्ये कोल्हापूर-तिरुपती विमान सुरू झालं तेव्हा पहिल्यांदा विमानानं गेलो. रेल्वेत सामानाची सवय वाईट लागलेली असते. स्टोव्हपासून सतरंजीपर्यंत सगळं. विमानात माणशी १५ किलो म्हटल्यावर ते आपोआप सुटलं, आणि त्याचा खरा फायदा रेणीगुंट्याला, तिरुपतीच्या विमानतळावर, उतरल्यावर कळला.

तिरुमलाला वर जाताना अलिपिरीच्या नाक्यावर सगळ्यांना गाडीतून उतरावं लागतं आणि प्रत्येक बॅग उतरवून मशीनमधून घालावी लागते. कॅरियरवर दोरीनं आवळलेलं सामान तिथं सोडायचं, तपासायचं, परत बांधायचं. मागच्या गाड्या हॉर्न मारत असतात. म्हणून आता आमचा शिरस्ता असा: पहिली रात्र खाली तिरुपतीतल्या हॉटेलवर. मोठं सामान तिथंच एका खोलीत कुलूप लावून. वर जाताना माणशी एक खांद्यावरची पिशवी. एका खोलीचं भाडं जास्तीचं जातं, पण ७० वर्षांच्या माणसाला त्या नाक्यावर बॅग उचलताना पाहिलं की ते पैसे आठवत नाहीत.

आणि मोजणी. दर दहा बॅगांमागं एक माणूस नेमतो. त्यानं फक्त आपल्या दहा बघायच्या, चढवताना आणि उतरवताना. "सगळ्यांनी लक्ष ठेवा" म्हटलं की कुणीच ठेवत नाही.

राजारामपुरीहून, पुन्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. उचगावच्या दादांना विचारायचं होतं: दिल्लीत दोन ट्रॅव्हलर कराव्यात की एक मोठी आणि एक हत्ती? आणि ऑपरेशन झालेल्या दोघींचं काय करावं?

उचगावहून, ट्रॅव्हलरवाला

दोन ट्रॅव्हलर करा ताई, १७-१७ च्या. प्रत्येकीत ११ बसवा आणि मागच्या सीटांवर सामान घ्या. परक्या गावात हत्तीच्या मागं लागू नका, तो वाटेत मागं पडला की शोधत बसाल.

मंगळवार पेठेतून

आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, तिथं जाऊन नको. टर्मिनल तीनला चालणं फार आहे. खुर्ची ढकलणारा माणूस बाहेर गाडीपर्यंत सोडतो, आमच्या वस्तादांच्या वडलांना सोडलं होतं. पण त्यांच्या बॅगा कोण घेणार ते आधी ठरवा, खुर्ची पुढं निघून जाते आणि बॅग पट्ट्यावर फिरत राहते.

राजारामपुरीहून

आज सकाळी दिल्लीच्या हॉटेलला फोन केला. "हॉटेल कसं आहे" वगैरे काही विचारलं नाही. १७ सीटर दारापर्यंत येते का, एवढंच आधी विचारलं. म्हणाले, कोपऱ्यापर्यंत येते, पुढं अडीचशे पावलं. पायऱ्या किती? सहा. लिफ्ट? आहे, पण चार माणसांची. मग सामानासाठी दोन पोरं आणि हातगाडी कोपऱ्यावर पाठवाल का विचारलं, हो म्हणाले, आणि तसं लिहून पाठवायलाही सांगितलं. ऑपरेशन झालेल्या दोघींच्या खोल्या पहिल्या मजल्यावर मागून घेतल्या.

भिशीत सगळ्यांना माणशी एकच मोठी बॅग आणि एक खांद्यावरची पिशवी असं बजावलंय. गूळ न्यायचाच आहे, तो तिघींच्या बॅगांत वाटून. काकींनी जुन्या इरकली खणाच्या पट्ट्या कापायला घेतल्यात, लाल काठाच्या, प्रत्येक बॅगेच्या मुठीला एक. पट्टीवर पांढऱ्या दोऱ्यानं आकडा काढतायत. काल संध्याकाळपर्यंत चौदापर्यंत झाल्या होत्या.