फ्रेंच पेपरात २५० शब्द मागितले तर ३५० लिहायचे काय?

शहापूरकरीण
विचारायचं म्हणून लिहूलोय खरं मला भांडायचंच आहे. डेल्फ बी-टू ची, म्हणजे फ्रेंच भाषेच्या परीक्षेची तयारी चाललीय, परीक्षा पुण्याला देणार. लेखनाला एक तास, २५ मार्क, आणि प्रश्नातच छापलेलं असतंय कमीत कमी २५० शब्द. कमीत कमी म्हणजे खालची हद्द ना, वरची कुठं आहे? तर आमच्या क्लासचे सर म्हणतात २७० झाले की पेन खाली ठेव. परवा विषय होता महापौरांना पत्र, बाजारपेठेत गाड्या बंद कराव्यात की नको. आता मी बेळगावच्या खडेबाजारात लहानाची मोठी झालो, मला पार्किंग आठवतंय, म्हाताऱ्या माणसांची रिक्षा आठवतीय, दुकानदाराचा माल उतरायचा टेम्पो, सणाच्या आदल्या दिवशीची गर्दी, सगळंच. ३४० लिवलो. सरांनी शेवटचा परिच्छेद वाचलाच नाही, नुसती आडवी रेघ. हे बरोबर आहे काय सांगा.

खानापूर रोड
चुकीचं आहे. लिहायला येतंय त्यानं लिहायचं. आम्ही शाळेत पुरवणी जोडल्याशिवाय हॉलमधून उठत नव्हतो, बाहेर आल्यावर पहिला प्रश्न पेपर कसा गेला नाही, पुरवण्या किती घेतलास. पेपर तपासणारा पण माणूसच, भरलेलं पान दिसलं की हात सैल सुटतोय.

कॅम्पातली बाई
पुरवणी डोक्यातून काढा हो. मी पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांना फ्रेंच शिकवते, दर वर्षी हेच दुखणं. डेल्फचा तपासनीस पान बघून मार्क देत नाही, त्याच्यापुढं तक्ता असतो. सांगितलेलं काम केलं का, मुद्दे पटतील असे मांडले का, वाक्याला वाक्य जोडलंय का, शब्द किती येतात, व्याकरण कसं. "किती लिहिलं" याला वेगळे मार्क नाहीत. आणि तासाचा हिशेब बघ, दहा मिनिटं विचार आणि कच्चं, पस्तीस-चाळीस मिनिटं लिखाण, उरलेल्यात तपासणं. ३४० लिहिणारी मुलगी तपासते कधी?

वडगावचा पोरगा
बाई, खरं कमी लिहून मेलेला पण एक माणूस बघा, मीच. डेल्फचीच खालची पातळी बी-वन, तिथं ४५ मिनिटं, कमीत कमी १६० शब्द. मी बोटं मोजून १६० ला थांबलो, वर नाव ठेवायला जागा नको म्हणून. घरी आल्यावर कळलं मोजणीच चुकली. आपण ल ला अपॉस्ट्रॉफी आणि पुढं एकोल (l'école, शाळा) असं बघितलं की दोन शब्द धरतो, तिथं तो एकच. झे (j'ai), किल (qu'il), दाबोर (d'abord) सगळे एकेक. नियम असा की दोन मोकळ्या जागांच्या मधे जे आहे तो एक शब्द. से-ता-दिर (c'est-à-dire) मधे एवढ्या रेघा आहेत तरी एकच! हिशेब लावला तर माझे १४५ च्या आसपास भरले. म्हणून मी म्हणतो जास्तच लिहा, मोजायची भानगडच नको.

कॅम्पातली बाई
तुझी गोष्ट जास्त लिहिण्याच्या बाजूची नाही रे, नीट मोजण्याच्या बाजूची आहे. पत्राच्या शेवटचं ते ठरलेलं वाक्य घे, ज वू प्री दाग्रेए वालं, आपल्या 'आपला नम्र' सारखं, मादाम मोंसिए धरून. सुटं सुटं मोजलंस तर १३, परीक्षेच्या नियमानं ११. एका वाक्यात दोन गेले. म्हणून मी मुलांना २७५-२८० सांगते, चुकून मोजलं तरी खाली येत नाही. त्याच्यावर कशाला?

खानापूर रोड
म्हणजे पाठ केलेलं ११ शब्दांचं वाक्य चालतंय आणि हिचा खडेबाजार चालत नाही. भारीच की.

निपाणी ते मॉन्ट्रियल
तुम्ही सगळे एकाच परीक्षेवर भांडूलाय. मी कॅनडासाठी टीसीएफ ही दुसरी फ्रेंच परीक्षा दिलो, तिथं तासात तीन प्रश्न लिहायचे आणि तिन्हीला वरची हद्द पण छापलेली, ६० ते १२०, १२० ते १५०, १२० ते १८०. शेवटच्यात तर दोन मतं वाचून आधी ४०-६० शब्दांत त्यांचं म्हणणं, मग ८०-१२० मधे आपलं. तिथं कुणी खडेबाजार काढला तर संपला. तिकडं टीईएफ म्हणून अजून एक परीक्षा, तिला परत खालचीच हद्द, दोन प्रश्नांना ८० आणि २००. आणि डेल्फच्या वरच्या डाल्फ सी-वन ला एकाच पेपरात दोन्ही तऱ्हा, सिंथेसिसला, म्हणजे दिलेल्या मजकुरांच्या एकत्र सारांशाला २००-२४०, बाहेर गेलं की मार्क कापतात, आणि निबंधाला कमीत कमी २५०. तर आधी प्रश्न वाचा मग भांडा. हिच्या पेपरात वरची हद्द नाही हे खरं आहे, सर नियम सांगत नाहीत, सवय सांगूलेत.

शहापूरकरीण
हेच मी कधीपासून सांगूलोय!!

कॅम्पातली बाई
बरं. मग एक काम कर, भांडण बाजूला ठेव. त्या ३४० मधल्या शेवटच्या ९० शब्दांत चुका किती ते मोज. नुसता आकडा नको, कुठल्या प्रकारच्या ते पण लिही.

खानापूर रोड
आता कुणीतरी दूध आटवल्याशिवाय कुंदा होत नाही म्हणून सांगणार बघा.

शहापूरकरीण
मोजलो. पहिल्या २५० मधे ५. शेवटच्या ९० मधे ६, आणि त्या सहातल्या चार एकाच जातीच्या. ज स्वी कोंव्हँक्यू, माझी खात्री आहे, ते बाईमाणसानं लिहिलं तर शेवटी एक ई जास्त लागतंय ना. ऐकायला काही फरक नाही, लिहायला आहे. घाईत आलं की माझं ई गायब. सर एकदा वैतागून म्हणाले अगं तू मुलगी आहेस. आता आमच्याकडं आई, आजी, मावशी सगळ्या आलो गेलो जेवलो म्हणतात, मी पण तेच म्हणतो, तर फ्रेंचमधे कुठनं आठवणार ई?

वडगावचा पोरगा
😂😂 पुण्यात पण तेच विचारतात, मुलगी असून आलो का म्हणतेस

कॅम्पातली बाई
हसू नकोस, हीच चूक माझ्या वर्गात अर्ध्या मुली करतात. सावकाश लिहिताना ई येतो, दमल्यावर घरची भाषा वर येते. शेवटचे ९० शब्द तू दमून लिहिलेस, आणि तपासायला वेळ ठेवला नाहीस.

शहापूरकरीण
बाई मान्य, खरं सरांनी रेघ मारली ते मान्य नाही. त्या परिच्छेदात टेम्पोचा मुद्दा होता, सकाळी दहाच्या आत माल उतरू द्या म्हणून, तो सगळ्यात चांगला होता.

निपाणी ते मॉन्ट्रियल
मग तो वर घे आणि गर्दीचं वर्णन काढ. गर्दी महापौरांना माहीत असतीय.

शहापूरकरीण
…हे बरं सांगितलास.

खानापूर रोड
म्हणजे शेवटी किती? २९०?

कॅम्पातली बाई
२८०.

शहापूरकरीण
२९५, आणि शेवटची दहा मिनिटं फक्त ई शोधणार.