गोडाऊनमधले जुने पोंगे विकू का? (आणि 1974 ची ती 26 हजार वॅटची भिंत)

लाखनीचा_साउंडवाला

नमस्कार मंडळी. लाखनी तालुक्यातल्या एका खेड्यात आमचं बिछायत केंद्र आहे. मंडप, गाद्या, गंजं-भांडी, सोबत साउंड. मागच्या महिन्यात गोडाऊन साफ करायला घेतलं तर रिकाम्या पोत्यांच्या ढिगाखाली बाबांच्या काळचा सगळा संसार निघाला. ॲल्युमिनियमचे सहा पोंगे (भोंगे), पण त्यांना मागून लागणारी, आवाज काढणारी युनिट चारच. दोन उभे कॉलम स्पीकर. प्लायवूडच्या दोन भल्या मोठ्या पेट्या, एकेकीत 15 इंची स्पीकर. आणि एक व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) जुना ॲम्प्लिफायर, दोघांनी उचलावा असा. भंगारवाला वजनावर मागून राहिला.

विकणारच होतो. त्याच रात्री मोबाइलवर ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडच्या 1974 च्या दौऱ्याचे फोटो समोर आले. स्टेजच्या मागे स्पीकरची भिंतच उभी. वॉल ऑफ साउंड म्हणायचे तिला. जवळपास 600 स्पीकर, 75 टनांच्या आसपास वजन, आणि वॅट 26,400. त्या आकड्यापाशी मी थांबलो. कारण माझ्या डीजेच्या गाडीवर कागदोपत्री 24,000 वॅट आहेत, आठ बेस (जाड आवाजाच्या पेट्या) आणि दोन टॉप (बारीक आवाजाच्या, शब्दांच्या). वरातीत छाती धडधडते, घरावरची कवेलू हालतात, पण शंभर फुटांवर उभं राहिलं तर गाणं कोणतं तेही कळत नाही. आणि ते लोक तेवढ्याच वॅटमध्ये अख्ख्या मैदानाला शब्द न् शब्द ऐकवत होते म्हणे.

हे खरं असेल तर माझं कुठे चुकतं? आणि बाबांच्या सामानात काही दम आहे, की देऊन टाकू?

सिंदेवाहीकर

भाऊ, तुझ्या 24 हजारांतले 18 हजार स्टिकरवर असतील. ॲम्पच्या मागची पाटी वाच, पुढची नको.

पोंगेवाले_काका

बाबू, विकू नको. आधी माह्यं ऐक, मग भंगारवाल्याले बोलाव.

मी लाखांदूरकडचा. 1979 पासून माईक लावतो. सुरुवात मामाच्या हाताखाली, सायकलच्या कॅरिअरले बॅटरी बांधून. शंकरपट, भागवत सप्ताह, दुय्यम कव्वाली (दोन कव्वालांचा मुकाबला) सगळं केलं, पण पोट भरलं ते झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या, नाटकांवर. दिवाळी झाली की मंडया (गावजत्रा) सुरू, रात्री पडदा उघडला की पहाटेपर्यंत. तिथं मागच्या म्हातारीले शब्द कळला नाई तर ती उभी राहून ओरडते, "माईकवाल्या, झोपला का बे?" म्हणून वॅट वेगळा अन् आवाज वेगळा, हे मले कोणी शिकवायची गरज पडली नाई.

वॅट म्हणजे बैलाले घातलेली सरकीची ढेप. गाडी किती ओढन ते बैलावर. पोंग्याच्या युनिटले एक वॅट दे अन् एक मीटरवर मोज, 105 डेसिबल निघते, कधी जास्तच. साध्या पेटीतल्या कागदी कोनाच्या (पडद्याच्या) स्पीकरले तेवढंच दिलं तर 95 च्या आसपास. दहाचा फरक किरकोळ वाटते ना? पण वॅट दुप्पट केले तरी तीनच डेसिबल वाढते. दहा भरून काढायले दसपट वॅट पाहिजे. पोंगा 50 मध्ये जे बोलते त्याले पेटीले 500 लागते. बाबांच्या त्या मोठ्या पेट्यांत टॉर्च मारून पाह्य. आत लाकडाची वळणं असतील तर त्याही पोंग्याच्याच जातीच्या समज.

तिकडच्या लोकांलेही हे ठेच लागल्यावरच समजलं. 15 ऑगस्ट 1965 ले बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये वाजवले, समोर 55,600 माणूस. खास बनवलेले 100 वॅटचे व्हॉक्स ॲम्प होते, अन् गाणं गेलं ते मैदानातल्या घोषणेच्या भोंग्यातून. पोरी अशा किंचाळल्या की गाणाऱ्यालेच आपलं ऐकू येईना. दोन वर्षांनी इंग्लंडमध्ये चार्ली वॉटकिन्सनं विंडसरच्या जलशात 100 वॅटचे ॲम्प एकाले एक जोडून 1,000 वॅट केले. आज एवढे तर गणपती मंडळाच्या पोराकडे असते. 1969 ले वुडस्टॉकमध्ये बिल हॅनलीनं मनोरे उभारून त्यावर पेट्या अन् मोठमोठे हॉर्न चढवले. शब्द नेणारा तिथंही पोंगाच, बाप्पा.

आता तुह्या भिंतीचं. तिथं खरी गंमत वॅटात नाईच. तिथं एका स्पीकरवर एकच वाद्य होतं. गिटारचे वेगळे, पियानोचे वेगळे, गळ्याचे वेगळे. बेस गिटारच्या चार तारा, तर चारही तारांले आपापले स्पीकर. तू का करते? ढोल, बेस, गाणारा, सगळे एकाच पेटीत कोंबते. जो कोन ढोलासाठी बोटभर पुढं-मागं धावून राहिला, त्यालेच त्याच वेळी "स" अन् "श" म्हणायचा आहे. तो बोबडाच बोलन! अन् शब्द कळते ते 1,000 ते 4,000 हर्ट्झच्या पट्ट्यात. तुह्याकडे आठ बेस अन् दोन टॉप. सगळी ढेप एका बैलाले, दुसरा उपाशी.

ती भिंत टिकली नाई हेही सांगतो, नाहीतर उद्या तू तशीच बांधायले घेशीन. मॅकिंटॉश नावाच्या ऑडिओ कंपनीचे ॲम्प होते, एकेक 58 किलोचा, म्हणजे धानाच्या कट्ट्याच्या दीडपट. असे कितीतरी. 23 मार्च 1974 ले पूर्ण भिंत पहिल्यांदा वाजली अन् ऑक्टोबरात बंद. खर्च अन् हमाली, दोन्ही झेपले नाई.

लाखनीचा_साउंडवाला

काका, आठ बेस दोन टॉप वाचून घरचे हसून राहिले. एक सांगा, भिंत स्टेजच्या मागे आणि गाणारे तिच्यासमोर, तर माईक शिट्टी कसा मारत नव्हता? माझा तर टॉपच्या दहा फुटांवर आला की किंचाळतो.

पोंगेवाले_काका

हाव, हे विचारशीन वाटलंच होतं. प्रत्येक गाणाऱ्यापुढं दोन माईक, एकाखाली एक, 60 मिलिमीटरवर. एकाची जोडणी उलटी. मागच्या भिंतीचा आवाज दोघांत सारखा शिरते, म्हणून एकमेकाले मारते. गाणारा वरच्याच माईकले ओठ लावते, म्हणून त्याचा तेवढा उरते.

मी हे करून पाह्यलं आहे, अन् तोंडावर पडलो. एका मासिकात वाचलं होतं. चिखलधोकड्याच्या मैदानात नाटक, थंडी मरणाची. खालच्या माईकच्या दोन अन् तीन नंबरच्या पिना अदलाबदल केल्या, दुपारी तपासलं. शिट्टी गायब! छाती फुगली. रात्री तिसऱ्या अंकात लेकराच्या मरणाचा सीन. आता नाटकात माईक कोणी तोंडाले लावत नाई, तो वरून टांगलेला. बाई दोन हात लांब बसून रडून राहिली, म्हणजे तिचा आवाज दोन्ही माईकांत सारखाच गेला. तोही मेला. बारीक सीं-सीं तेवढी उरली. तबल्याले वेगळा माईक, तो मात्र ठणठणीत. मागून एक जण ओरडला, "बाई मुकी हाये का बे?" अन् अख्खा मांडव हसला, लेकरू मेलं असताना. नाटकवाल्यानं त्या रात्रीचे अर्धेच पैसे दिले. मी काही बोललो नाई, बोलायले तोंड होतं कुठं?

तू एवढंच कर. टॉप माईकच्या पुढं सरकव, अन् गाणाऱ्याले माईक जवळ धरायले लाव.

सोल्डरवाली

दादा, मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. काकांच्या बोलण्यात भर घालत नाही, फक्त तो व्हॉल्व्हचा ॲम्प सरळ प्लगला लावू नका. इतकी वर्षं पडून राहिलेल्या ॲम्पमधले मोठे कपॅसिटर बहुतेक वाळलेले असतात. सिरीज बोर्डवर 100 वॅटचा साधा पिवळा बल्ब लावा, त्यातून सप्लाय द्या. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. आधी पेटून मग मंदावला तर अर्धी लढाई जिंकली. स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाईल, आणि तो परत गुंडाळून देणारे कारागीर आता शोधावे लागतात. बंद केल्यावरही आत चारशे व्होल्ट शिल्लक राहू शकतात. आत हात घालताना दुसरा हात खिशात.

मागच्या पट्टीवर 100 व्होल्टचा स्क्रू आहे का पाहा. पोंगे लांब टांगायचे असतील तर तोच वापरा, प्रत्येक पोंग्याला लाइन ट्रान्सफॉर्मर लावून. 250 वॅट 8 ओहमवर पाठवले तर तारेतून साडेपाच ॲम्पिअरच्या वर करंट जातो, 100 व्होल्टवर फक्त अडीच. तीच तार, पण तिच्यात वाया जाणारी ताकद पाचपटीने कमी. देवळापासून शाळेपर्यंत तार ओढून बाबा सप्ताह ऐकवत होते ते याच्याच जोरावर असणार.

लाखनीचा_साउंडवाला

ताई, काका, रविवारी लावलं. बल्ब भक्कन पेटला, माझा जीव गळ्याशी, मग हळूहळू लालसर झाला. व्हॉल्व्ह तापले तेव्हा जळक्या धुळीचा वास घरभर. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुझ्या बाबाचा वास आला."

चारपैकी तीन युनिट बोलले. चौथं नुसतं कुजबुजत होतं. डायफ्राम (आतला पातळ पडदा) गेला समजून खोललं, तर तो ठीक. पोंग्याच्या नरड्यात कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं, चांगलं अंगठ्याएवढं. खराट्याच्या काडीनं कोरून काढलं. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला एकच पोंगा लावला, तर तलावाच्या पाळीवरून एकानं फोन करून विचारलं, आज प्रार्थना एवढी स्पष्ट कशी येऊन राहिली?

मोठ्या पेट्यांत वळणं आहेत, काका. पण एका 15 इंचीचा कोन उंदरांनी अर्धा खाल्ला आहे. भंडारा किंवा गोंदियात चांगला कोन बसवून देणारा कोणी आहे का, की नागपूरच गाठावं लागेल? भंगारवाला काल परत आला होता. त्याला दोन जुने कूलर देऊन वाटेला लावलं.