एकाच मॉडेलच्या तीन जुन्या गाड्या ठेवणं: छंद की मुंबईच्या जागेवर अतिक्रमण?

कुर्लेकर

माझ्याकडे तीन प्रीमियर पद्मिनी आहेत. तिन्ही खाजगी नंबरच्या, तिन्ही स्टिअरिंगवरच्या गिअरच्या. दोन चालतात, तिसरी उघडून ठेवली आहे. घरचे, शेजारचे, ऑफिसातले सगळे एकच सल्ला देतात: एक ठेव, बाकीच्या काढून टाक. माझं मत बरोबर उलटं आहे. एक पद्मिनी नीट चालती ठेवायची असेल तर हाताशी दुसरी असायलाच हवी, आणि जमल्यास तिसरीही.

कारण सांगतो. १९६४ मध्ये आलेली फियाट ११०० डी, मग प्रेसिडेंट, मग १९७४ च्या सुमारास मिळालेलं पद्मिनी हे नाव. बोनेटखाली तेच १०८९ सीसीचं इंजिन. इतकी वर्षं एकच गाडी चालली म्हणून सुट्या भागांचा बाजार मुंबईत भरलेला असायचा. पण तो बाजार आमच्यासारख्या हौशी लोकांवर चालत नव्हता, टॅक्सीवाल्यांवर चालत होता. दिवसरात्र फिरणाऱ्या टॅक्सीला सारखं काही ना काही लागायचं, म्हणून कोणीतरी ते बनवत होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावर दिसेनाशी झाली. गिऱ्हाईक गेलं. आता कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या सुट्या भागांच्या दुकानांत जाऊन गिअर लिंकेजचे बुश, म्हणजे गिअरचा दांडा आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या सळ्यांच्या सांध्यांतले छोटे गोल तुकडे, मागा, दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो आणि मग पोटमाळ्याकडे.

बुश झिजले की गिअरचा दांडा पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या मध्ये कुठेतरी अडकतो. नवीन बुश लेथवर नायलॉनचा करून घेता येतो, पण माप कुठून आणणार? झिजलेल्या बुशावरून माप घेतलं तर झिजलेलाच बुश तयार होतो. मी दुसऱ्या गाडीचा चांगला बुश काढला, मोजला आणि परत बसवला. कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकांचे तुकडे), डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या स्प्रिंगा, दाराच्या काचेची पट्टी, सगळ्याचं असंच. एक गाडी उघडलेली असताना दुसरी जागेवर उभी असणं म्हणजे कुठला नट कुठे बसतो याचं उत्तर समोर असणं.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

सोसायटी_सचिव_मुलुंड

पटत नाही, म्हणून लिहितो.

तुमचा गिअरचा बुश मला समजला. पण तुमच्या दोन-तीन गाड्यांमुळे ज्याला एकसुद्धा लावायला जागा मिळत नाही, त्या माणसाने काय करायचं? सहकारी गृहनिर्माण संस्थांचे उपविधी स्पष्ट आहेत. सभासदाला एक जागा. दुसरी-तिसरी तेव्हाच, जेव्हा इतरांना देऊन जागा उरेल, आणि तीही एकेका वर्षापुरती. आमच्याकडे दर वर्षी चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. ज्यांचा नंबर लागत नाही ते रात्री अकरानंतर गल्लीत चकरा मारतात.

ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेच्या सुनावणीत हेच म्हटलं होतं, की पार्किंगची पुरेशी जागा नसलेल्यांना चार-पाच गाड्या ठेवू देऊ नयेत. चालत्या नव्या गाड्यांबद्दल न्यायालय असं म्हणत असेल तर चाकं काढून विटांवर ठेवलेल्या गाडीबद्दल काय म्हणायचं?

आणि पावसाळा. उघडी गाडी, फाटकं कव्हर, त्यावर साचलेलं पाणी. डासांच्या अळ्या सापडल्या की महापालिकेची नोटीस गाडीच्या मालकाच्या आधी सोसायटीच्या दारावर येते. सचिव म्हणून सही मी करतो.

कुर्लेकर

सचिवसाहेब, सोसायटीत माझी एकच जागा आहे आणि तिथे एकच गाडी उभी असते. दुसरी भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, तिसरी बदलापूरला नातेवाइकांच्या आवारात छपराखाली. रस्त्यावर एकही नाही, कधी नव्हती. ज्याच्याकडे छप्पर नाही त्याने दुसरी घेऊच नये, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण मग तुमचा आक्षेप जागेवर आहे, छंदावर नाही.

सोसायटी_सचिव_मुलुंड

माझा आक्षेप मुंबईत हा छंद कसा केला जातो त्यावर आहे. तुमच्यासारखं भाडं भरणारे थोडे. बाकीच्यांच्या गाड्या उड्डाणपुलाखाली आणि मैदानाच्या भिंतीला लागून असतात.

श्वास_मोकळा

जागेची चर्चा झाली, हवेची कोणी केली नाही.

पद्मिनीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, नाही. चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला १९९५ मध्ये, त्याआधीच्या गाड्या तशाच. पीयूसीची मर्यादासुद्धा त्यामुळे ढिली आहे: जुन्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो, भारत स्टेज ४ या प्रदूषण मानकापासूनच्या पेट्रोल गाडीला ०.३ टक्के. म्हणजे तुमची गाडी "पास" होते ती दहापट सैल परीक्षेत. तिच्या मागे स्कूटरवर उभं राहून सिग्नल सुटायची वाट पाहा. न जळलेल्या पेट्रोलचा तो वास मास्कमधूनही येतो.

माझ्या मुलाला दमा आहे. हिवाळ्यात मुंबईची हवा बिघडली की आम्ही त्याला खाली खेळायला पाठवत नाही. एखाद्याची हौस म्हणून तो धूर कमी विषारी होत नाही. गाडी जपायची तर बंद करून जपा, संग्रहालयात द्या.

कुर्लेकर

ताई, मुलाबद्दल वाचून खरंच वाईट वाटलं, आणि आकड्यांवर मी वाद घालणार नाही, ते बरोबर आहेत. एवढंच म्हणेन की धूर गाडी किती फिरते यावरही ठरतो. माझ्या दोन गाड्या आलटून पालटून फक्त रविवारी सकाळी निघतात. आणि नीट लावलेला कार्ब्युरेटर ३ टक्क्यांच्या बराच खाली राहतो. तो तसा ठेवायचा तर पुन्हा तेच, चांगले जेट हवेत, आणि ते दुसऱ्या गाडीतून येतात.

संग्रहालयाचं मात्र पटत नाही. बंद ठेवलेली गाडी जपली जात नाही. ब्रेकच्या तेलात दमट हवेतलं पाणी उतरतं, चाकांतले ब्रेकचे सिलिंडर जाम होतात, रबर कडक होतं.

लालबागचा_मिस्त्री

मी फियाटवर काम शिकलो, अजून करतो. दोन्ही बाजूंना थोडं बोलायचं आहे, पण जास्त कुर्लेकरांना.

दुसरी गाडी असावी, मान्य. तिसरीवर माझा विश्वास नाही. मी बघतो ते सांगतो. माणूस पहिली घेतो, प्रेमाने करतो. दुसरी स्वस्तात मिळते म्हणून घेतो. तिसरी "पार्टसाठी" घेतो. मग पहिलीचं काम अडलं की तिसरीतून काढतो, दुसरीचं अडलं की पहिलीतून. काही वर्षांनी तीन अर्ध्या गाड्या उरतात आणि डबेभर बोल्ट, ज्यातला कुठला कुठला हे त्यालाही सांगता येत नाही.

दुसरं, पत्रा. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. दाराखालचा पट्टा आणि फ्लोअर सडला की गाडीची ताकदच गेली. जॅक लावला की दार बसत नाही. मुंबईच्या खाऱ्या हवेत उभ्या गाडीचा फ्लोअर आतून जातो, मॅटखाली पाणी बसतं, वरून रंग चकचकीत दिसतो. सडलेल्या जागी लांबी (पुट्टी) भरून विकणारे भरपूर. "पार्टसाठी" म्हणून पाच पावसाळे ठेवलेल्या गाडीतून शेवटी मिळतं काय? इंजिनचा ब्लॉक, डिफरेन्शियल, काचा. ज्याची खरी गरज असते तो चांगला पत्रा आधी जातो.

तिसरं जरा कडक बोलतो. तुमच्यासारख्यांनी माळ्यावर चार-चार ग्रिल, पाच-पाच दिव्यांच्या रिंगा ठेवल्यात म्हणून ज्याच्याकडे एकच गाडी आहे, वडिलांची, त्याला एक रिंग मिळत नाही. मिळाली तर भाव ऐकून तो परत जातो. बाजार टॅक्सी गेल्यामुळे आटला हे अर्धं खरं आहे. उरलेला माल तुम्ही लोकांनी उचलला हे दुसरं अर्धं.

कुर्लेकर

मिस्त्री, तिसरा मुद्दा लागला, आणि मी तो सहज सोडणार नाही.

माझी उघडलेली गाडी मी भंगारवाल्याच्या काट्यावरून उचलली. मी नसती घेतली तर ती वजनावर गेली असती, तिच्या रिंगा कोणाच्याच हाती लागल्या नसत्या. तो माल बाजारातून मी काढला नाही, भट्टीतून काढला. हा फरक मोठा आहे. नवा माल पेटीबंद उचलून माळ्यावर ठेवणारे आहेत, त्यांच्याबद्दल तुम्ही म्हणता ते योग्य. पण सगळ्यांना एका मापात तोलू नका.

आणि सरकारची वागणूकही बघा. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, व्हीए अक्षरांची पाटी, २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. पण मग ती प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यापलीकडे रस्त्यावर आणता येत नाही. ऐंशीच्या दशकातली पद्मिनी त्यातही बसत नाही. तिला दर पाच वर्षांनी पासिंग, हरित कर, आणि वीस वर्षांपुढच्या मोटारीची नूतनीकरणाची फी २०२५ मध्ये १०,००० झाली. हे सगळं दोन गाड्यांचं भरतो आहे. साठा करून नफा कमवायचा असता तर कोण इतकं भरेल?

टॅक्सीवाल्याची_लेक

माझ्या बाबांनी पद्मिनी टॅक्सी चालवली, दादर स्टेशनच्या स्टँडवर. इथे सगळे गाडीबद्दल बोलताहेत, चालवणाऱ्याबद्दल कोणी नाही, म्हणून लिहिते.

मे महिन्यात गाडीच्या फ्युएल पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची, गाडी बंद. बाबा बोनेट उघडून फ्युएल पंपावर ओला फडका ठेवायचे आणि मागे बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकून घ्यायचे. इंजिनची धग पायावर, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक, पावसात भिजले की पेडल दाबूनही गाडी पुढे जायची. नवी गाडी आली तेव्हा त्यांना हायसं वाटलं. मला पद्मिनीचे फोटो पाहून गलबलून येतं, त्यांना येत नाही.

तरीही मी कुर्लेकरांच्या बाजूने आहे, वेगळ्या कारणाने. बाबा ज्या मिस्त्रीकडे जायचे तो इंजिनचा आवाज ऐकून सांगायचा की इग्निशनच्या पॉइंटचा गॅप वाढलाय. फिलर गेज (गॅप मोजायची पट्टी) नंतर लावायचा, खात्री करायला. त्याने कोणाला शिकवलं नाही, कारण शिकणाऱ्यापुढे उघडी गाडीच नव्हती. गिऱ्हाइकाची गाडी शिकाऊ पोराच्या हातात कोण देईल? उघडलेली तिसरी गाडी असेल तर तिथे पोरं हात मळवू शकतात. कुर्लेकर, बदलापूरच्या गाडीवर कोणी शिकतंय का, की तुम्ही एकटेच?

कुर्लेकर

आत्तापर्यंत एकटाच. भाचा येतो म्हणतो. खरं तर आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या मुलांना बोलवायचं कधीपासून मनात आहे. कोणाची तिथे ओळख असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

श्वास_मोकळा

शिकवा, जरूर शिकवा. त्याला धूर लागत नाही. इंजिन सुरू करून रस्त्यावर आणण्याला माझा विरोध कायम आहे.

लालबागचा_मिस्त्री

ताई, तुमचा विरोध समजतो. कुर्लेकर, भंगारातून वाचवली असेल तर माझा तिसरा मुद्दा तुम्हाला लागू नाही. पहिले दोन लागू आहेत.

पोरं येणार असतील तर आधी एक काम करा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. जुन्या फ्युएल पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) आणि रबरी पाइप त्याने फुगतात, चिरतात. इथेनॉल पाणी ओढून घेतं, उभ्या गाडीच्या टाकीत ते तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. उघड्या गाडीची टाकी रिकामी करून सुकवा. चालत्या दोन्हींचे पाइप इथेनॉलला टिकणारे घाला, डायफ्रॅम बदला, पंपाच्या आतली जाळी काढून बघा. सगळ्या जुन्या पेट्रोल गाड्यांना हे लागू. आणि इंजिनचं हेड उघडलं असेल तर व्हॉल्व्ह सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या कडा, कडक धातूच्या घालून घ्या. शिशाचं पेट्रोल २००० सालीच देशभर बंद झालं, जुन्या मऊ सीट त्याच्या आधारावर होत्या.

डायफ्रॅम कुठे मिळेल ते विचारू नका, माझ्याकडे दोन आहेत. एक देतो.

सोसायटी_सचिव_मुलुंड

टाकी रिकामी करणार असाल तर पेट्रोल नाल्यात ओतू नका. आमच्या गल्लीत एकाने ते केलं होतं, अग्निशमन दलाला बोलवावं लागलं.