अ‍ॅनिमल न्यूट्रिशनमध्ये रिसर्च म्हणजे आयुष्यभर शेणच मोजायचं का?

गोंधळलेला_व्हेट
बीव्हीएससी (जनावरांच्या डॉक्टरची डिग्री) झालंय, पुढे पीजीला सर्जरी हुकली, न्यूट्रिशन मिळतंय. वर्गातले आत्तापासूनच 'खाद्याच्या गोणीवरचं लेबल वाचणारा डॉक्टर' म्हणून चिडवतायत. एक सर म्हणाले की या विषयात एका प्रश्नावर 30 वर्षं काढलेली माणसं आहेत. आता चारा आत, दूध बाहेर, यात 30 वर्षं पुरेल असा प्रश्न तरी कुठला? खरंच रिसर्चमध्ये असलेल्यांनी सांगा प्लीज.

कोठीपोट
शेण मोजावं लागतं, खोटं कशाला बोलू. पचनाच्या ट्रायलमध्ये आधी दोन-तीन आठवडे जनावराला नवीन खाद्याची सवय लागू द्यायची, मग साधारण सात दिवस घातलेलं, उरलेलं आणि शेण सगळं तोलायचं, रात्रीचं पण. पीएचडीत सहाव्या दिवशी पहाटे माझा डोळा लागला आणि गायीने शेणाच्या टबात पाय घालून तो पालथा केला, दिवसाचा आकडा गेला. गाइड रागावले नाहीत, फक्त वहीत 'झोप' असं लिहायला लावलं 😅
पण फिस्टुला केलेल्या गायीच्या पोटात एकदा हात घाल, कुशीला भोक आणि त्याला रबरी बूच असतं. आत 39 डिग्रीची गरम, सतत ढवळणारी शंभरेक लिटरची टाकी आहे आणि आपण चारा आधी त्यातल्या जंतूंना घालतो, ते आंबवून जे देतात त्यावर गाय जगते. हे पुस्तकात वाचलेलं होतंच, पण हाताला कळलं तेव्हा पटलं.

जुना_चाराप्रेमी
30 वर्षांचा प्रश्न हवाय ना, मग रेमंड जोन्स वाच. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत होते. सुबाभूळ म्हणजे प्रोटीनने भरलेला झाडपाला, पण तिकडे गुरांना जास्त दिला की केस गळायचे, लाळ गळायची, थायरॉइड सुजायची. पाल्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, त्याचं पोटात डीएचपी हे दुसरं रसायन होतं आणि गाडी तिथेच अडते, ते पुढे मोडत नाही आणि थायरॉइडला त्रास देतं. पण हवाईत तोच पाला भरपूर खाऊन जनावरं ठणठणीत! बाकीचे झाडात फरक शोधत बसले असते, यांनी म्हटलं फरक पोटातल्या जंतूंत असणार. 80 च्या दशकात हवाईच्या शेळ्यांच्या पोटातले जंतू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांत सोडले आणि डीएचपी मोडायला लागलं, शिवाय ते एकातून दुसऱ्यात आपोआप पसरले पण. त्या बॅक्टेरियाला 1992 मध्ये सिनर्जिस्टिस जोनेसी नाव दिलं. नंतर काही कळपांत हे जंतू असूनही लघवीत न मोडलेलं डीएचपी सापडायला लागलं, म्हणजे प्रश्न अजून मिटलेला नाही, घे तुला 😀

साधा_माणूस
प्रत्येकाला हवाई मिळत नाही हो. माझ्या बॅचचे निम्मे फीड कंपनीत फॉर्म्युलेशन करतात, सॉफ्टवेअरवर जनावराचं रेशन, म्हणजे रोजचा आहार, बसवायचं, त्यात वाईट काहीच नाही. मला स्वतःला व्हॅन सोस्ट हा चाऱ्यावर काम केलेला अमेरिकन शास्त्रज्ञ जास्त जवळचा वाटतो. 'क्रूड फायबर' ही चाऱ्यातला तंतू मोजायची 19व्या शतकातली पद्धत, त्यात उकळताना बरंचसं लिग्निन, म्हणजे न पचणारा लाकडासारखा भागच, विरघळून जायचं, म्हणजे निकृष्ट वैरण कागदावर चांगली दिसायची! जवळजवळ शंभर वर्षं लोक तोच आकडा वापरत होते. या माणसाने 1960 च्या दशकात चारा न्यूट्रल डिटर्जंटमध्ये तासभर उकळला, मागे उरली ती पेशीभित्तिका, तोच आपला एनडीएफ (न्यूट्रल डिटर्जंट फायबर). मोजमापच चुकतंय हे सांगायला पण एक करिअर लागतं. बाय द वे लेबलवरच्या क्रूड प्रोटीनचं पण तसंच, नायट्रोजन मोजून 6.25 ने गुणायचं, त्यामुळे युरिया मिसळला तरी आकडा फुगतो. लेबल वाचणारा डॉक्टर म्हणतायत ना, त्यांना विचार लेबलवरचा तो आकडा येतो कुठून.

गोंधळलेला_व्हेट
टबाचं वाचून घाबरलो आणि मग सुबाभळीचं वाचत रात्री दीड वाजला 🙈 अ‍ॅडमिशन घेतोय. फिस्टुलात हात घालायला पहिल्या वर्षी देतात का?

कोठीपोट
देतात. हातमोजे खांद्यापर्यंतचे घे, कोपरापर्यंतच्यांचा काही उपयोग नाही. आणि त्या दिवशी चांगला शर्ट घालू नकोस.