मदत हवी आहे : फादर दिब्रिटोंचे जुने फोटो, कॅसेट, 'सुवार्ता' मासिकाचे अंक

नमस्कार मंडळी. २५ जुलै हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचा स्मृतिदिन. २०२४ साली ते गेले. त्यानिमित्त वसईतल्या आमच्या वाचनालयात छोटं प्रदर्शन मांडायचं चाललंय. धाराशिवच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे (जानेवारी २०२०) अध्यक्ष म्हणून त्यांचे फोटो, कात्रणं भरपूर मिळाली. पण हरित वसईच्या लढ्यातले फादर काही केल्या सापडत नाहीत. वाड्या आणि विहिरी वाचवायला बिल्डर लॉबीसमोर उभा राहिलेला हा प्रेमळ धर्मगुरू आताच्या मुलांना दिसलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हाच्या मोर्च्यांचे, सभांचे फोटो कुणाकडे आहेत का? प्रवचनाची एखादी कॅसेट? ते संपादक असतानाचे 'सुवार्ता'चे अंक? वस्तू जपून परत करू, मोबाइलवर फोटो काढून पाठवलात तरी चालेल.

आणखी एक. आमच्याकडच्या काही अंकांच्या पिना गंजल्यात, पानं घडीवरच तुटतायत. ती न फाटता स्कॅन कशी करायची, जाणकारांनी कृपया सांगा. आणि ज्यांच्या घरी फादर सुखदुःखाला येऊन बसायचे, त्यांनी चार ओळी लिहून द्याल का?