स्वागत समारंभातील केकविषयी

मे महिन्यात गंगापूर रस्त्यावरील उघड्या लॉनवर होणाऱ्या स्वागत समारंभासाठी तीन मजली बटरक्रीमचा केक घ्यावा की केवळ गोड पदार्थ ठेवावा, असे आपण विचारले आहे. माझे मत दुसऱ्या पर्यायाकडे झुकते. नाशिकची संध्याकाळ सुखद असते हे खरे. परंतु लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते आणि वधूवर मंचावर येईपर्यंत केक तासभर दिव्यांच्या झोतात उभा असतो. माझ्या भाचीच्या लग्नात वरचा मजला असाच हळूहळू कलला आणि क्रीमचा गुलाब घरंगळत थेट सुरीजवळ येऊन थांबला.

केक कापण्याची हौस असेलच, तर दीड किलोचा अंडेविरहित केक आयत्या वेळी फ्रीजमधून काढावा. पाहुण्यांसाठी आंबा बासुंदी ठेवावी. मात्र आंबटसर गराने दूध फाटण्याची भीती असल्यामुळे, बासुंदी पूर्ण गार झाल्यावरच हापूसचा गोड गर तीत मिसळावा आणि पातेले बर्फात ठेवूनच वाढप करावे, असे केटररला आधीच बजावून सांगावे. अंगूर बासुंदीत खरी द्राक्षे घालण्याचा मोह नाशिककरांना होतो, पण मे महिन्यात त्यांचा हंगाम उरकलेला असतो.