सागाच्या टेबलावर स्प्रेचा रंग टिकून नाही राहिला, काय चुकलं?

वणीकडचा
राम राम मंडळी. आमचं कवेलूचं जुनं घर पाडलं तेव्हा सागाच्या फळ्या निघाल्या, त्यातून पोरीसाठी स्टडी टेबल बनवला घरीच, सुतार लावला नाही. मे महिन्यात स्प्रेचे चार डबे आणले निळे अन् भर दुपारी अंगणात मारून टाकले, म्हटलं ऊन आहे चटकन वाळेल. वाळला बी, पण हात फिरवला की रवाळ लागते अन् आता पोळा आला तरी वही ठेवली की चिकटते, उचलली की चर्र आवाज येते. परवा कंपासची डबी घासली तर नखाएवढी खपली निघाली, खाली लाकूड दिसून राहिलं. वरून क्लिअर लॅकर मारलं तर पक्का होईल का सगळं खरवडावं लागेल?

रिटायर्ड मास्तर
सागाला निळा रंग! आलापल्लीच्या सागासाठी लोक कुठून कुठून येतात अन् तुम्ही त्याला फासून बसले 😀 असो. प्राइमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा हात, कोणता होता ते लिहिलंच नाही.

वणीकडचा
मास्तर, खिळ्यांची भोकं अन् काळे डाग होते, लांबी (पुट्टी) भरावी लागली, पॉलिश कशी दिसली असती? प्राइमर नाही मारला, डब्यावर लिहून होतं सगळ्यावर चालते.

पटाशी रंधा
भाऊ डब्याला शिव्या देऊ नका, तीन चुका एकत्र झाल्या. रवाळपणा उन्हाचा, 45 डिग्रीत फवारा लाकडावर पोचायच्या आत हवेतच वाळते अन् भुकटीसारखा बसते. सकाळी सहा ते आठ मारायचं, लाकूड सावलीतलं थंड पाहिजे. चिकटपणा वेगळा, चारही डबे एकाच दुपारी संपवले ना? वर साय धरली अन् थिनर आतच अडकला, त्यात लागला पावसाळा. अन् खपली निघते कारण साग मुळातच तेलकट, त्यात तुमचा कित्येक वर्षं चुलीचा धूर खाल्लेला, त्यावर रंग पकडच घेत नाही.
क्लिअर आत्ता नका मारू. ब्लेडनं बारीक जाळी कापा, सेलोटेप दाबून झटक्यात ओढा. रंग टेपसोबत आला तर वरून काही बी मारा, खालच्यासकट निघेल.

वणीकडचा
केलं. टेपवर निळा चौकोन आला पूर्ण 😭

पटाशी रंधा
मग खरवडाच. तोंडाला मास्क बांधून पॉलिशपेपर 120 नंबर, 180, मग 220, लाकडाच्या रेषेच्या दिशेनं. आडवा घासला तर ओरखडे रंगातून दिसतात. कडांची धार थोडी मोडा, धारेवर रंग पातळ बसते अन् तिथूनच सुटते. मग थिनरच्या कापडानं पुसा, सुकलं की लगेच प्राइमर, दुसऱ्या दिवसावर टाकलं तर तेल परत वर येते. गाठी अन् काळ्या डागांवर प्राइमरच्या आधी चपडा (लाखेचे पापुद्रे) स्पिरिटमध्ये विरघळवून एक हात, नाहीतर डाग वर येतेच. प्राइमरवर 320 चा हलका हात, मग रंगाचे तीन-चार पातळ हात, आठ-दहा इंचांवरून. फवारा फळीच्या बाहेर सुरू करून बाहेरच सोडायचा, नवा पट्टा मागच्यावर अर्धा चढवायचा. पुढचा हात कधी ते डब्यावर असते, काहींना तासाभरात नाहीतर एकदम दोन दिवसांनी लागते, मधातच मारलं की सुरकुत्या पडतात.
अन् कूलर चालू असलेल्या खोलीत तर अजिबात नका मारू, मी एकदा ती हुशारी केली होती, ओलाव्यानं लॅकर ताकासारखं पांढरं पडलं.

आर्वीची ताई
इतकं सगळं कायले राजेहो, पायांना स्प्रे मारा अन् वरच्या फळीला फोमच्या रोलरनं ऑइल पेंट. माझ्या शिलाई मशीनची फळी तशीच आहे चार वर्षं झाली, कैची आपटते तरी काही होत नाही. खरवडणं अन् प्राइमर मात्र मलेबी चुकलं नव्हतं.

पटाशी रंधा
ताईचं बी बरोबर आहे, फक्त ऑइल पेंट हाताला चिकटला नाही म्हणजे कडक झाला असं नाही, तीन-चार आठवडे वर काही ठेवायचं नाही. पीयू (पॉलियुरेथेन) मारला तर अजून टणक, पण हार्डनर मिसळायचा असेल तर दुपट्टा बांधून चालत नाही, कार्ट्रिजवाला मास्क लागते.

वणीकडचा
पीयू राहू द्या. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की कापूस वेचणीच्या आधी उरकतो, वर रोलरच. तोवर टेबलावर जुना पेपर टाकून देतो.

पटाशी रंधा
पेपर नका टाकू, आणखी चिकटेल, खरवडताना बातम्या वाचत बसाल 😀

वणीकडचा
मग काय टाकू?

आर्वीची ताई
काहीच नका टाकू, पोरीले पाट द्या.